नैसर्गिक वायूच्या धंद्यातली भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅस नेमका कशात मोजतात? घनमीटर, टन की एमएमबीटीयू?

तिन्हींत. आणि या धंद्यातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. पाइपलाइनवरचं मीटर आकारमान मोजतं, म्हणजे घनमीटर किंवा घनफूट. द्रवरूप गॅसच्या प्रकल्पाची क्षमता वर्षाला इतके दशलक्ष टन अशी सांगतात. पैसे मात्र मोजले जातात ते उष्णतेचे, कारण घेणाऱ्याला वायू नको असतो, त्याची आच हवी असते.

एक बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता. काडेपेटीतली एक काडी पूर्ण जळली की साधारण तेवढीच उष्णता निघते. अशा दहा लाख बीटीयूंचा एक एमएमबीटीयू होतो. विजेच्या भाषेत ते सुमारे २९३ युनिट, आणि बऱ्यापैकी शुद्ध गॅस असेल तर २७-२८ घनमीटर.

आता एक बिल मांडून बघा. मीटरवर महिन्याला १० लाख घनमीटर गॅस गेला. प्रत्येक घनमीटरात ३८ मेगाज्यूल उष्णता धरली तर होतात सुमारे ३६,००० एमएमबीटीयू. तोच गॅस ३९ मेगाज्यूलचा निघाला तर जवळपास ३७,०००. मीटरचा आकडा तसाच, पण बिलात साडेनऊशे एमएमबीटीयूंची भर. दर १० डॉलर असेल तर एका महिन्यात साडेनऊ हजार डॉलरचा फरक. म्हणून मीटरशेजारच्या खोलीत गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र बसवलेलं असतं. ते दर काही मिनिटांनी नमुना घेऊन मिथेन किती, इथेन किती, नायट्रोजन किती हे सांगतं, आणि त्यावरून उष्मांक काढला जातो. मीटरवर सगळ्यांची नजर असते. माझ्या मते लक्ष ठेवायचं ते या यंत्राच्या कॅलिब्रेशनवर.

एमसीएफमधला एम म्हणजे दशलक्ष ना?

नाही, हजार! हा रोमन अंकांतला एम. एमसीएफ म्हणजे हजार घनफूट आणि एमएमसीएफ म्हणजे हजार गुणिले हजार, म्हणजे दशलक्ष. बीसीएफमधला बी मात्र रोमन नाही, तो अब्जाचा. आणि मेगावॉटमधला एम पुन्हा दशलक्षाचा. एकाच पानावर हे तिन्ही शेजारी शेजारी बसलेले असतात.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका जुन्या अहवालातला एमसीएफ मी दशलक्ष समजून तक्त्यात भरला आणि एका म्हाताऱ्या विहिरीला हजारपट उत्पादन बहाल केलं. साहेबांनी कागद वर न बघताच परत सरकवला आणि म्हणाले, "एवढा गॅस असता तर आपण दोघं इथे बसलो असतो का?" तेव्हापासून कुठलाही आकडा वाचण्याआधी मी त्याचं एकक वाचतो.

स्टँडर्ड घनमीटर आणि नॉर्मल घनमीटर यांत फरक असतो का?

असतो, आणि तो खिशाला लागतो. वायू तापला की फुगतो, दाबला की आकसतो, त्यामुळे कुठल्या तापमानाला आणि दाबाला मोजला हे सांगितल्याशिवाय घनमीटर या शब्दाला अर्थ नाही. नॉर्मल म्हणजे ० अंश सेल्सिअस. स्टँडर्ड बहुधा १५ अंश. दाब दोन्हीकडे एका वातावरणाचा. १०० नॉर्मल घनमीटर म्हणजे जवळपास साडेपाच जास्त, १०५.५ स्टँडर्ड घनमीटर. 'बहुधा' मुद्दाम म्हटलं, कारण काही करारांत १५ ऐवजी ६० अंश फॅरनहाइट किंवा वेगळंच तापमान असतं. व्याख्यांचं पान कंटाळवाणं असतं म्हणून लोक ते उलटून पुढे जातात, आणि नेमके तिथेच पैसे दडलेले असतात.

जीसीव्ही आणि एनसीव्ही म्हणजे काय?

गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते. त्या वाफेचं पुन्हा पाणी होताना सुटणारी उष्णताही हिशेबात धरली तर तो ढोबळ उष्मांक, म्हणजे जीसीव्ही. ती वाफ धुराड्यातून गेली असं मानलं तर निव्वळ उष्मांक, एनसीव्ही. नैसर्गिक वायूसाठी दोन्हींत दहा टक्क्यांच्या आसपास अंतर पडतं. गॅसची विक्री जीसीव्हीवर होते, तर टर्बाइन बनवणारे कार्यक्षमता एनसीव्हीवर सांगतात, कारण तो आकडा अधिक देखणा दिसतो. दोन्ही एकाच सूत्रात घातले की प्रकल्प कागदावर फायद्यात जातो आणि प्रत्यक्षात तोट्यात.

ओला, सुका, गोड, आंबट... गॅसला चव असते?

ही तेलवाल्यांची जुनी बोली आहे. ओला गॅस म्हणजे पाण्याने भिजलेला असं कुणालाही वाटेल, पण इथे ओल असते ती इथेन, प्रोपेन, ब्युटेन यांसारख्या जड घटकांची. ते काढून घेतले की जवळपास निव्वळ मिथेन उरतो, तो सुका गॅस. काढलेल्या घटकांना मिळून एनजीएल म्हणतात आणि बाजारात ते बहुतेक वेळा मिथेनपेक्षा चांगला भाव खातात. विहिरीतून गॅससोबत वर येऊन द्रव होणारं हलकं, पेट्रोलसारखं तेल म्हणजे कंडेन्सेट.

आंबट गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. तो सडक्या अंड्यासारखा वास मारतो, विषारी असतो आणि पोलाद खातो. त्याची भीतीदायक गोष्ट अशी की प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, म्हणजे वास थांबला याचा अर्थ धोका टळला असा नव्हे. अमाइनच्या द्रावणाने तो धुऊन काढला की गॅस 'गोड' होतो. निघालेल्या सल्फाइडपासून क्लॉस प्रक्रियेने पिवळंधमक गंधक मिळवतात.

खरं पाणीही काढावंच लागतं. दाबाखाली आणि थंडीत पाणी व मिथेन मिळून बर्फासारखे दिसणारे हायड्रेटचे खडे बनतात आणि वाहिनी तुंबते. हे खडे शून्याच्या वरच्या तापमानालाही होतात, हे नवख्यांना पटत नाही.

एलपीजी, सीएनजी आणि एलएनजी हे एकाच गॅसचे तीन प्रकार आहेत का?

शेवटचे दोन आहेत, पहिला नाही. सीएनजी आणि एलएनजी दोन्ही मुख्यतः मिथेन. एकाला २००-२५० बारपर्यंत दाबलेलं असतं, दुसऱ्याला उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत गार करून द्रव केलेलं असतं. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. फरक नुसता पुस्तकी नाही. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. एलपीजी जड, तो जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, तळघरात साचतो. त्यामुळे गळती शोधणारं यंत्र एकासाठी छताजवळ बसवायचं, दुसऱ्यासाठी जमिनीजवळ.

एलएनजीच्या जहाजावर 'बॉइल-ऑफ' आणि 'हील' हे शब्द का ऐकू येतात?

द्रव केल्यावर गॅसचं आकारमान सुमारे सहाशेपटीने कमी होतं, म्हणून तर तो समुद्रापार नेणं परवडतं. पण टाकी कितीही जाड वेष्टनाची असली तरी बाहेरची उष्णता आत शिरतेच आणि रोज थोडा द्रव उकळून वाफ होतो. तो बॉइल-ऑफ. दिवसाला साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास, नव्या जहाजांत त्याहून कमी. ही वाफ बहुतेक जहाजं स्वतःच्या इंजिनात जाळतात, म्हणजे माल वाटेत आपलंच भाडं भरत जातो.

माल उतरवताना टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाशी थोडा द्रव ठेवतात, तो हील. परतीच्या वाटेवर टाक्या गार राहिल्या नाहीत तर पुढच्या वेळी भरण्याआधी त्या गार करण्यात वेळ आणि गॅस दोन्ही जातात. म्हणून 'किती चढवला' आणि 'किती उतरवला' हे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि करारात पैसे कोणत्या आकड्याचे, हे स्पष्ट लिहावं लागतं. आजच्या ठरावीक १,७४,००० घनमीटरच्या जहाजात ३५ ते ४० लाख एमएमबीटीयू मावतात.

गॅसला मुळात वास असतो का?

मिथेनला अजिबात नाही. वास मागाहून घातलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत गळलेला गॅस इमारतीखाली साचला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. स्फोटात सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. त्यानंतर गॅसमध्ये गंधद्रव्य मिसळण्याचे कायदे आले. हे द्रव्य म्हणजे मर्कॅप्टन, गंधकयुक्त आणि इतकं उग्र की दशलक्षांत काही भागही नाकाला पुरतात. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच तो पेट घेतो. वास त्याच्या कितीतरी आधी यावा असं प्रमाण ठेवतात.

लाइनपॅक म्हणजे काय? आणि पाइपमध्ये पिग?

लाइनपॅक म्हणजे वाहिनीत कोंडून असलेला गॅस. दाब वाढवला की त्याच पाइपमध्ये जास्त गॅस मावतो. रात्री मागणी कमी असताना चालक दाब चढवून ठेवतात आणि सकाळी शेगड्या, बॉयलर पेटले की तो वापरतात. विजेच्या तारेला ही सोय नाही, आणि गॅसच्या पाइपला ती फुकटात मिळते. पिग म्हणजे दाबाने आतून ढकलला जाणारा दट्ट्या. साधा पिग गाळ खरवडतो, 'स्मार्ट' पिग चुंबकीय किंवा ध्वनिलहरींच्या साधनांनी भिंतीची झीज मोजत जातो.

फर्म आणि इंटरप्टिबल क्षमता, नॉमिनेशन, इम्बॅलन्स: हे कुणाच्या कामाचं?

दुसऱ्याच्या पाइपमधून गॅस नेणाऱ्या प्रत्येकाच्या. फर्म म्हणजे पक्की जागा: वापरा वा न वापरा, भाडं द्यायचंच. या अटीला 'शिप ऑर पे' म्हणतात. इंटरप्टिबल स्वस्त, पण वाहिनी भरली की आधी तुम्हाला उतरवणार. उद्या किती गॅस घालणार आणि किती काढणार हे आदल्या दिवशी कळवणं म्हणजे नॉमिनेशन. सांगितलं एक आणि काढलं दुसरं, तर तो इम्बॅलन्स, आणि त्याला दंड. एकट्या गिऱ्हाइकाची चूक छोटीच असते. पण सगळ्यांनी एकाच थंडीच्या सकाळी जास्त काढला तर दाब घसरतो, म्हणून दंड जड ठेवलेला असतो.

जमिनीखालच्या साठवणुकीतला 'कुशन गॅस' कधीच विकत नाहीत का?

साठवण चालू आहे तोवर नाही. रिकाम्या झालेल्या जुन्या गॅसक्षेत्रात, पाणथर खडकात किंवा मिठाच्या गुहेत गॅस भरतात. त्यातला काही भाग दाब टिकवायला कायमचा आत ठेवावा लागतो, तो कुशन गॅस. त्यावरचा आतबाहेर करता येणारा, तो वर्किंग गॅस. बातमीत 'साठा इतका भरला' असं येतं ते वर्किंग गॅसबद्दल. अमेरिकेत ऊर्जा माहिती प्रशासन दर गुरुवारी हा आकडा जाहीर करतं आणि पुढची काही मिनिटं वायदेबाजारात धांदल असते.

१पी, २पी, ३पी म्हणजे काय?

साठ्यांबद्दलच्या खात्रीच्या पायऱ्या. १पी म्हणजे सिद्ध साठे: हिशेब संभाव्यतेने केला असेल तर निदान एवढा गॅस निघेलच याची शक्यता ९० टक्के. २पी मध्ये संभाव्य साठेही मिळवले जातात आणि शक्यता ५० टक्क्यांवर येते. ३पी मध्ये ती १० टक्के. जमिनीखाली गॅस आहे एवढ्याने तो 'साठा' ठरत नाही. आजच्या तंत्राने आणि आजच्या भावात काढणं परवडलं पाहिजे, नाहीतर त्याला नुसतं संसाधन म्हणतात. त्यामुळे भाव कोसळला की खडकात काहीही न बदलता साठे 'कमी' होतात. कंपनीच्या सादरीकरणात मोठा आकडा दिसला की तो कितव्या पी-चा आहे हे आधी विचारावं.

याच सादरीकरणात 'बॅरल तेलाइतका' हेही एकक भेटतं. सहा हजार घनफूट गॅस बरोबर एक बॅरल तेल, असं त्यात धरतात. उष्णतेच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण बाजारात सहा हजार घनफूट गॅसला एका बॅरलचा भाव क्वचितच मिळतो. गॅस जास्त, तेल कमी असलेल्या कंपन्यांना हे एकक फार आवडतं, ते काही उगाच नाही.

हब म्हणजे काय? हेन्री हबमधला हेन्री कोण?

हब म्हणजे जिथे सौदे होतात आणि भाव ठरतो ती जागा. हेन्री हब खरीखुरी जागा आहे, लुइझियानातल्या एराथ गावाजवळची, अनेक पाइपलाइन एकमेकींना भेटतात ती. नाव तिथल्या हेन्री वस्तीवरून आलं. न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजाराने एप्रिल १९९० मध्ये तिथल्या गॅसचे वायदे सुरू केले, एक सौदा १०,००० एमएमबीटीयूचा. ब्रिटनचं एनबीपी आणि नेदरलँड्सचं टीटीएफ मात्र आभासी आहेत: नळ कुठेच दिसणार नाही, सगळं जाळं मिळून एकच बिंदू मानलेलं असतं. जेकेएम हे तर हबही नाही. ईशान्य आशियात येणाऱ्या एलएनजीचा तो मूल्यमापनाने काढलेला भाव आहे.

एकक इथेही वेगळं. हेन्री हब आणि जेकेएम डॉलर प्रति एमएमबीटीयू, टीटीएफ युरो प्रति मेगावॉट-तास, एनबीपी पेन्स प्रति थर्म (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू). एक मेगावॉट-तास म्हणजे ३.४१२ एमएमबीटीयू, म्हणून टीटीएफ ३० युरो असेल तर ते एमएमबीटीयूला ८.८० युरोच्या आसपास. ऑगस्ट २०२२ मध्ये टीटीएफ ३०० युरोंच्या वर गेलं होतं. हाच भागाकार करून बघा, मग युरोपातले खतकारखाने का बंद पडत होते ते कळेल.

एलएनजीच्या करारात 'स्लोप' असतो, तो काय?

गॅसचा भाव तेलाला बांधलेला असेल तर किती प्रमाणात बांधला, तो आकडा. समजा ब्रेंट, म्हणजे कच्च्या तेलाचा आंतरराष्ट्रीय मानक भाव, बॅरलला ८० डॉलर, स्लोप १२ टक्के आणि वर अर्धा डॉलर ठरावीक. ८० चे १२ टक्के ९.६०, अधिक ०.५०, म्हणजे १०.१० डॉलर प्रति एमएमबीटीयू. एका बॅरलमध्ये सुमारे ५.८ एमएमबीटीयू असतात, त्यामुळे स्लोप १७ टक्क्यांच्या थोडा वर गेला की गॅस उष्णतेच्या हिशेबाने तेलाच्या बरोबरीने महाग झाला. ब्रेंट बहुधा आजचं नसतं, मागच्या काही महिन्यांची सरासरी असते. म्हणून तेल स्वस्त झालं तरी गॅसचं बिल तीन-चार महिने तोंड वर करूनच राहतं. काही करारांत 'एस-कर्व्ह'ही असतो: तेल फार महाग झालं तर खरेदीदाराला आणि फार स्वस्त झालं तर विकणाऱ्याला वाचवायला दोन्ही टोकांना स्लोप सौम्य करतात.

'टेक ऑर पे' म्हणजे गॅस न घेताही पैसे?

होय. वर्षभराचं एक प्रमाण ठरतं, त्याला एसीक्यू म्हणतात. त्याचा ठरावीक भाग, समजा ९० टक्के, उचलला नाही तरी त्याचे पैसे भरायचे. ऐकायला जुलूम वाटतो, पण द्रवीकरण प्रकल्पावर अब्जावधी डॉलर ओतणाऱ्या बँकेला वीस वर्षं पैसा येत राहील याची हमी हवी असते. ती हमी मिळाल्याशिवाय एफआयडी, म्हणजे गुंतवणुकीचा अंतिम निर्णय, सहसा होत नाही.

खरेदीदाराचं संरक्षण 'मेक-अप' कलमात असतं: आता पैसे भरले आणि गॅस घेतला नाही, तर पुढच्या वर्षांत तो घेता येतो. पुढच्या वर्षीचा किमान कोटा आधी उचलायचा, मगच मेक-अप, आणि त्यालाही मुदत असते. माझ्या अनुभवात दरावर तीन महिने घासाघीस होते आणि मेक-अपची मुदत चहाच्या सुट्टीत मान्य होते.

एफओबी आणि डीईएस?

एफओबीत माल चढवणीच्या बंदरातच तुमचा, जहाज तुमचं, जोखीम तुमची. डीईएसमध्ये विकणारा तुमच्या बंदरापर्यंत आणून देतो. एफओबीचा मोठा फायदा असा की जहाज दुसरीकडे वळवता येतं, बशर्ते करारात गंतव्य बांधणारं कलम नसेल.

'विडोमेकर' हा काय प्रकार आहे?

थंडीच्या देशांत मार्च हा हिवाळ्याचा शेवट, एप्रिलपासून साठे पुन्हा भरायला सुरुवात. त्यामुळे मार्चच्या आणि एप्रिलच्या वायद्यांतलं अंतर म्हणजे थेट हवामानावरची पैज असते. फेब्रुवारीपर्यंत साठे आटले तर मार्च उसळतो, हिवाळा सौम्य गेला तर अंतर विरघळून जातं. पैज लावणाऱ्यांच्या बायकांना विधवा करणारा सौदा, असं त्याचं नाव पडलं. २००६ मध्ये अमरांथ ॲडव्हायझर्स हा हेज फंड याच जातीच्या सौद्यांत सुमारे ६६० कोटी डॉलर गमावून बुडाला.

गॅसचा भाव शून्याखाली कसा जाऊ शकतो?

हबचा भाव आणि तुमच्या ठिकाणचा भाव यांतल्या फरकाला 'बेसिस' म्हणतात. पश्चिम टेक्सासमधलं वाहा हब घ्या. तिथल्या विहिरी खणल्या जातात तेलासाठी, गॅस सोबत येतो. तेल विकायचं तर गॅस कुठेतरी घालवणं भागच असतं, आणि बाहेर जाणाऱ्या वाहिन्या भरलेल्या असतात. जाळून टाकण्यावर, म्हणजे फ्लेअरिंगवर, मर्यादा. मग उत्पादक गॅस घेऊन जाणाऱ्यालाच वर पैसे देतो. २०१९ मध्ये तिथे भाव शून्याच्या खाली गेला आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा गेला. त्याच दिवसांत हेन्री हबवर मात्र गॅस नेहमीसारखा विकला जात होता. ज्याने हेन्री हबचे वायदे घेऊन स्वतःला सुरक्षित समजलं होतं, त्याचं नुकसान भरून निघालं नाही. या उरलेल्या जोखमीलाच 'बेसिस रिस्क' म्हणतात.

बिलाच्या तळाशी 'यूएफजी' असं लिहिलेलं असतं, ते काय?

हिशेबाला न लागलेला गॅस. आत आलेला आणि बाहेर गेलेला यांतली तफावत. त्यात खरी गळती असते, चोरी असते, कंप्रेसरने खाल्लेला पण न मोजलेला गॅस असतो, आणि बराचसा भाग मीटरांच्या चुकांचा असतो: हजारो छोटी मीटरं, तापमानाची दुरुस्ती नसलेली, थंडीत एक आकडा आणि उन्हाळ्यात दुसरा दाखवणारी. काही महिन्यांत यूएफजी उणेही येतो, म्हणजे घातला त्यापेक्षा जास्त गॅस बाहेर पडलेला दिसतो. तसं दिसलं तर मीटर तपासणाऱ्या माणसाला फोन लावायचा.